घासातले अभयदान

इतवारीची बाजारपेठ जागी होण्याआधीच तेथील कुत्री जागी झालेली असतात. मंदिरातून दर्शन आटोपून परतणारी ज्येष्ठ मंडळी, किल्ल्यांचा जुडगा घेऊन येणारा मुनीम, हातगाडीवरच रात्र काढून उठलेला हमाल, या साऱ्यांच्या पावलांची ओळख या प्राण्यांना पक्की असते. कोणाच्या पिशवीत कालची पोळी आहे आणि कोण बिस्किटांचा पुडा फोडणार आहे, हे त्यांना ठाऊक असते. आपण खाण्यापूर्वी मुक्या जीवाला घास घालावा, ही रीत व्यापारी कुटुंबांत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. सराफा ओळीपासून मस्कासाथपर्यंत ती आजही टिकून आहे.

त्याच गल्ल्यांचे रात्रीचे रूप मात्र निराळे असते. दुकाने बंद झाली, वर्दळ ओसरली, की सकाळी शेपूट हलवणारी हीच कुत्री टोळीने दुचाकीमागे धावतात. शिकवणीहून परतणारे एखादे मूल घाबरून पळते, पाय घसरतो आणि पोटरीला दात लागतात. मग घरची माणसे मुलाला घेऊन मेयो रुग्णालयाची वाट धरतात. जखम चार दिवसांत भरून येते. पण तो कुत्रा पिसाळलेला होता काय, हा प्रश्न घरातल्यांची झोप उडवून जातो.

ही दोन्ही दृश्ये खरी आहेत आणि त्यांतून दोन पक्ष उभे राहिले आहेत. एक म्हणतो, कुत्री हटवा. दुसरा म्हणतो, मुक्या प्राण्यांवर दया करा. वादात दोघेही तावातावाने बोलतात आणि मूळ शत्रू असलेला विषाणू बाजूलाच राहतो. त्या विषाणूला हरवण्याचा तिसरा मार्ग जवळजवळ अर्ध्या शतकापूर्वी स्वित्झर्लंडच्या एका दरीत तपासला गेला. तेथे प्राणी कुत्रा नव्हता, रानातले खोकड होते. ज्या घासाने आपण प्राण्याची भूक भागवतो, त्याच घासातून त्याला रोगापासून अभय देता येते, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले.

दातातून मेंदूकडे

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेत असतो. चाव्यातून तो शरीरात शिरतो, मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू वर सरकतो आणि मेंदूपर्यंत पोहोचतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहूनही अधिक. तो मेंदूत पोहोचण्यापूर्वी लस दिली तर माणूस वाचतो. लक्षणे एकदा दिसू लागली, पाण्याचा घोट घशाखाली उतरेनासा झाला, की वैद्यकशास्त्राजवळ उपाय उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे दगावतात. बळींपैकी सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात आणि माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्याच्या चाव्यातून होतो.

लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली. भारतात पुढे कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटात टोचल्या जाणाऱ्या चौदा सुयांची जी धास्ती जुन्या पिढीच्या मनात अजून घर करून आहे, ती याच लसीची. २००५ च्या सुमारास ती बंद झाली आणि तिच्या जागी पेशीसंवर्धनातून बनवलेली, दंडात टोचण्याची लस आली. माणसासाठीची लस सुधारली खरी. परंतु चावा झाल्यावर माणसाला वाचवणे हा अर्धाच उपाय होय. रोगाचे मूळ प्राण्यात असते आणि ते तेथेच आटवावे लागते.

मारून काय साधले?

मूळ आटवण्याचा पहिला उपाय म्हणून माणसाने नेहमी शस्त्र उचलले. इंग्रज अमदानीत मुंबईत उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा शिरस्ता होता आणि त्यासाठी बक्षीसही मिळे. जून १८३२ मध्ये या कत्तलीविरुद्ध मुंबईत उठाव झाला. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी त्यात अग्रभागी होते आणि इतर समाजही त्यांच्या बाजूने उभे राहिले. दुकाने बंद पडली, शहराचे व्यवहार थांबले. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन समाजाचे अग्रणी शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशाह शेठ, यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. व्यापारी समाजाने जीवदयेसाठी पेढी बंद ठेवावी आणि थैली उघडावी, याचे हे जुने उदाहरण आहे.

दयेचा हा आग्रह केवळ भावनेचा नव्हता, व्यवहाराच्या कसोटीवरही तो खरा होता. देशातील शहरांनी पुढे शतकभराहून अधिक काळ कुत्री मारली. कुत्री कमी झाली नाहीत आणि रेबीजही गेला नाही. हाच धडा युरोपला खोकडांच्या बाबतीत मिळाला.

येथे एका शब्दाचा खुलासा करणे इष्ट. मराठीत कोल्हा म्हणतात तो सायंकाळी कोल्हेकुई करणारा प्राणी वेगळा आणि खोकड वेगळे. खोकड आकाराने लहान, झुपकेदार शेपटीचे, बिळात राहणारे. विदर्भाच्या माळरानांत त्याची भारतीय जात आढळते. युरोपातील जात तांबडी आणि अंगाने मोठी असते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पोलंडच्या बाजूने या तांबड्या खोकडांत रेबीजची साथ सुरू झाली आणि वर्षाला वीस ते साठ किलोमीटर या वेगाने पश्चिमेकडे सरकू लागली. १९६७ मध्ये ती स्वित्झर्लंडमध्ये आणि १९६८ मध्ये फ्रान्समध्ये शिरली. सरकारांनी बंदुका दिल्या, बक्षिसे लावली, बिळांत विषारी वायू सोडला. असंख्य खोकडे मेली आणि त्यांच्या बिळांच्या आश्रयाला असलेले इतर निरपराध जीवही मेले. साथ मात्र पुढेच सरकत राहिली.

याचे कारण प्राण्याच्या स्वभावात आहे. प्रत्येक खोकडाचा आपला इलाका ठरलेला असतो. तो मारला गेला की जागा रिकामी होते आणि शेजारची तरुण खोकडे त्या जागेसाठी धाव घेतात. धावपळीत भांडणे होतात, भांडणात चावे होतात आणि चाव्यांतून विषाणू पसरतो. शिवाय अन्न मुबलक असल्याने पिल्ले अधिक जगतात व वर्षा-दोन वर्षांत संख्या पूर्ववत होते. इतवारीतील दुकानदारांनाही हा अनुभव नवा नाही. एका गल्लीतील कुत्री उचलून नेली की महिन्याभरात शेजारच्या गल्लीतील अनोळखी कुत्री तेथे येतात आणि ती अधिक भांडखोर असतात.

दरीच्या तोंडाशी

मारणे निष्फळ ठरले, तेव्हा लस देणे हा मार्ग उरला. पण रानातल्या हजारो खोकडांना धरून सुई कोण टोचणार? अमेरिकेतील शास्त्रज्ञ जॉर्ज बेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ च्या सुमारास दाखवून दिले की, रेबीजचा दुर्बल केलेला जिवंत विषाणू खोकडाच्या तोंडात पडला तरी त्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होते. ही लस पोटात जाऊन काम करत नाही. तोंडाच्या आणि घशाच्या ओलसर अस्तराला ती लागली पाहिजे. म्हणून लसीचा द्रव लहानशा पुडीत भरून ती पुडी खाद्यात लपवायची, म्हणजे प्राणी चावताना ती फुटेल, अशी युक्ती निघाली.

स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्झ स्टेक या पशुवैद्यकीय शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये ती प्रत्यक्ष रानात उतरवली. साथ तेव्हा जिनिव्हा सरोवराच्या कडेने ऱ्होन नदीच्या दरीकडे येत होती. दोन्ही बाजूंना उत्तुंग पर्वत आणि मध्ये अरुंद मुख, अशी ती जागा. त्या मुखाशी लसीचे सुमारे चार हजार घास पसरण्यात आले. पुढे सरकणारी साथ त्या पट्ट्यात थबकली आणि दरीचा वरचा भाग बचावला. बंदुकीने जे वर्षानुवर्षे साधले नव्हते, ते काही हजार घासांनी एका हंगामात साधले. स्टेक यांचा १९८२ मध्ये याच मोहिमेवर असताना हेलिकॉप्टरच्या अपघातात मृत्यू झाला.

पुढे कारखान्यात बनवलेल्या वड्या आल्या आणि विमाने-हेलिकॉप्टरांतून वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात, त्या टाकल्या जाऊ लागल्या. वडीत एक खुणेचे औषध मिसळत, जेणेकरून खोकडाच्या हाडा-दातांवरून त्याने वडी खाल्ली की नाही हे पुढे समजावे. १९७८ ते २०१४ या काळात युरोपभर सुमारे ६६ कोटी वड्या टाकल्या गेल्या. स्वित्झर्लंड १९९९ मध्ये, फ्रान्स २००१ मध्ये आणि जर्मनी २००८ मध्ये खोकडांच्या रेबीजपासून मुक्त जाहीर झाले. खोकडे मात्र आजही तेथे आहेत. रोग गेला, प्राणी राहिला.

शंभरातील सत्तर

या यशामागचे गणित व्यापाऱ्याला लवकर उमजेल. उधारीच्या बाजारात सगळेच गिऱ्हाईक बुडवे नसते. बहुसंख्य खाती भक्कम असली, तर एक-दोन बुडाली तरी पेढी बुडत नाही आणि एकाचे दिवाळे दुसऱ्याला घेऊन जात नाही. रेबीजचेही तसेच आहे. पिसाळलेले एक जनावर सरासरी एक-दोन जनावरांनाच रोग देऊन मरते. कळपातील दहापैकी सात जनावरे लसीने सुरक्षित असली, तर चावा बहुधा सुरक्षित जनावरालाच होतो आणि साखळी तुटते. म्हणून कुत्र्यांच्या बाबतीत सत्तर टक्के हा आकडा जगभर प्रमाण मानला जातो. शंभर टक्क्यांची गरज नाही. परंतु तीस-चाळीस टक्क्यांवर थांबले तर केलेला खर्च जवळजवळ वाया जातो. शिवाय जुनी कुत्री मरतात, नवी पिल्ले जन्मतात, म्हणून हा हप्ता दरवर्षी भरावा लागतो. विम्याचा हप्ता एक वर्ष चुकवला तर काय होते, हे व्यापाऱ्यांना सांगावयास नको.

आपल्या भूमीवर

वन्य प्राण्यांतील रेबीज ही केवळ युरोपची कथा नाही. २०२४ मध्ये मुंबईतील चेंबूर-ट्रॉम्बे परिसरात, जेथे वस्ती आणि खारफुटीचे जंगल एकमेकांना खेटून आहे, तेथे कोल्ह्याने माणसांना चावे घेतले. मृत कोल्ह्यांच्या तपासणीत चौघांना रेबीज असल्याचे आढळले. आपल्याकडे मात्र रोगाचे मुख्य घर जंगल नसून रस्ता आहे. रस्त्यावरची कुत्री सुरक्षित झाली, तर जंगलालाही आधार मिळेल.

हे शक्य आहे, याचा दाखला शेजारच्या गोव्याने दिला. तेथे राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून २०१३ नंतर राज्यव्यापी मोहीम उभारली. प्रत्येक गाव, प्रत्येक वाडी नकाशावर आखून दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचण्यात आली. शाळाशाळांतून दीड लाखाच्या आसपास मुलांना दरवर्षी माहिती दिली गेली आणि संशयित कुत्र्याची खबर मिळताच पथक धावून जाण्याची व्यवस्था झाली. कुत्र्यांतील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले. २०१८ व २०१९ या दोन वर्षांत राज्यात रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद नाही. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. यासाठी कुत्र्यांची कत्तल करावी लागली नाही.

गोव्यात घासाचाही प्रयोग झाला. जाळे दिसताच निसटणारी कुत्री ही प्रत्येक मोहिमेची अडचण असते. तोंडावाटे द्यावयाच्या लसीला भारतात परवानगी नसल्याने तेथील पथकांनी लस नसलेल्या, केवळ खाद्याच्या वड्या हातांनी देऊन पाहिल्या. जाळ्याने पकडून टोचण्याच्या पद्धतीत एक माणूस दिवसाला सुमारे नऊ कुत्र्यांपर्यंत पोहोचत होता. वडी देताना तो पस्तीसपर्यंत पोहोचला. पोहोचलेल्या कुत्र्यांचे प्रमाणही ६३ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले. थायलंड व नामिबिया या देशांत प्रत्यक्ष लसीच्या वड्यांचे प्रयोग झाले आहेत. टोचण्याच्या लसीला पूरक म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही या मार्गाचा पुरस्कार करते. मात्र हे काम प्रशिक्षित पथकाचेच आहे, कारण पुडीतील विषाणू दुर्बल असला तरी जिवंत असतो.

आमिष आणि विवेक

जैन वाचकाच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहील, आणि तो टाळणे योग्य नव्हे. स्वित्झर्लंडमधील पहिले घास कोंबडीच्या मुंडक्यांचे होते. पुढच्या वड्यांत माशांचा भुकटा असे. मराठीत आमिष या शब्दाचे प्रलोभन आणि मांस असे दोन्ही अर्थ आहेत. निरामिष आहाराचे व्रत पाळणाऱ्याने अशा आमिषाचे कौतुक करावे काय?

उत्तर सोपे नाही, पण ते विवेकाच्या बाहेरचेही नाही. एका बाजूला विषारी वायूने बिळात कोंडून मारलेली खोकडे, पिसाळून तडफडत मेलेले प्राणी आणि त्यांच्या चाव्याने गेलेली माणसे. दुसऱ्या बाजूला कत्तलखान्यातून टाकून दिलेला भाग. हिंसा दोन्हीकडे आहे, परंतु तिचे माप सारखे नाही. जेथे हिंसा पूर्ण टाळता येत नाही, तेथे ती कमीत कमी व्हावी यासाठी डोळे उघडे ठेवून वागणे, यालाच परंपरेने यत्नाचार म्हटले आहे. इतवारीसारख्या वस्तीत तर हा पेच तितका तीव्रही नाही. येथील कुत्री पोळी आणि बिस्किटावर पोसलेली आहेत, माणसाच्या हातून खातात आणि अनेक तर अंगाला हात लावू देतात. त्यांच्यासाठी टोचण्याची लस आजच उपलब्ध आहे. वडीची वाट पाहण्याचे कारण नाही.

सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ मानले गेले आहे. रोज पोळी मिळणारा, परंतु लस न मिळालेला कुत्रा निर्भय नाही. उद्या दुसऱ्या पिसाळलेल्या जनावराने त्याला चावले, तर तोही मरणार आणि मरण्यापूर्वी कदाचित त्याला पोळी देणाऱ्याच्याच नातवाला चावणार. अन्नदानाने त्याचा एक दिवस सुखाचा जातो. लसीने त्याला आणि त्याच्याजवळून जाणाऱ्या प्रत्येकाला वर्षभराचे अभय मिळते.

कायदा काय सांगतो

नागपूरला हा वाद नवा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी सार्वजनिक ठिकाणी मोकाट कुत्र्यांना खाऊ घालण्यास मनाई करणारा आदेश दिला. खाऊ घालू इच्छिणाऱ्याने कुत्रा दत्तक घ्यावा, या त्यातील भागाला सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात स्थगिती दिली. १० मार्च २०२३ रोजी प्राणी जन्म नियंत्रणाचे नवे नियम आले. त्यानुसार निर्बीजीकरण आणि रेबीजची लस ही दोन्ही कामे सोबत करावयाची आहेत आणि खाऊ घालण्याची जागा जिन्यांपासून व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवावयाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशातही निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री, पिसाळलेली वा आक्रमक नसल्यास, आपल्या मूळ जागी सोडावीत आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात, असे म्हटले. कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आहे.

निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, म्हणून तो सुरक्षित आहे असा समज अनेकांचा असतो. शस्त्रक्रिया एकदाच होते. लस मात्र पुन्हा पुन्हा द्यावी लागते. जुनी खाच ही यंदाच्या लसीची पावती नव्हे.

पोळी देणाऱ्या हाताचे काम

लसीकरणाच्या पथकाकडे लस असते, जाळे असते, वाहन असते. त्याच्याकडे नसते ती ओळख. कोणत्या ओट्याखाली कोणती कुत्री झोपते, कोणती नुकतीच व्यायली, कोणता कुत्रा नवा आला, कोणाच्या हाकेला कोण येतो, हे ज्ञान केवळ रोज घास घालणाऱ्यापाशी असते. तो पथकासोबत उभा राहिला, तर जाळ्याची गरजच पुष्कळशी संपते. गल्लीनिहाय कुत्र्यांची यादी, रंग व खुणा, लसीची तारीख आणि पुढच्या लसीची तारीख, एवढ्या चार रकान्यांची वही कोणताही मुनीम सांभाळू शकतो. बाजारातील व्यापारी संघटना, मंदिराचे विश्वस्त मंडळ किंवा तरुण मंडळ यांपैकी कोणीही महापालिका आणि पशुवैद्यकांशी बोलून वर्षातील एक दिवस ठरवू शकतो. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. तोही दिवस सोयीचा आहे.

याच्याच जोडीला प्रत्येक घरात आणि दुकानात एक गोष्ट पाठ असावी. चावा झाला, ओरखडा उठला किंवा जखमेवर लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सरकारी रुग्णालयांत त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीच्या मात्रा पहिल्या दिवशी व त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. जखमेतून रक्त आले असेल, तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन देणेही आवश्यक ठरते. कुत्रा ओळखीचा आहे, दुकानातलाच आहे, म्हणून लस टाळू नये आणि तीन मात्रांनंतर बरे वाटते म्हणून चौथी चुकवू नये. दुकानात काम करणारा मुलगा किंवा हमाल चावा लपवतो, कारण त्याला त्या दिवसाची मजुरी बुडण्याची भीती वाटते. त्याला पगारी सुटी देऊन रुग्णालयात पाठवणे, हीही जीवदयाच होय.

दिवाळीला इतवारीतील पेढ्यांवर नव्या वह्यांचे पूजन होते. पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते आणि वर्षभराची खाती उघडली जातात. त्या वहीच्या शेवटी एक पान आपल्या गल्लीतील कुत्र्यांसाठी राखून ठेवण्यास फारशी जागा लागणार नाही. पुढच्या दिवाळीला ते पान उघडावे आणि दहापैकी सातांच्या नावापुढे लसीची तारीख पडली आहे काय, एवढे पाहावे.